करोडगिरीच्या नाक्यापासून ग्रामसभेपर्यंत

मंडळाच्या चिटणीसबाईंनी या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी जुने लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही इतिहासाची पंडित नव्हे. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात जो वाद झाला, तो माझ्या मनातून गेला नव्हता. मालेगावचा वेगळा जिल्हा व्हावा, ही मागणी जुनी आहे आणि त्या जिल्ह्यात आपल्या नांदगाव तालुक्याचेही नाव घेतले जाते. त्यावरून गोष्ट निघाली. एक भगिनी म्हणाल्या, "जिल्हा जवळ आला म्हणजे कामे होतील." दुसऱ्या म्हणाल्या, "जवळ येऊन काय? बसणारे तेच, उठणारे तेच." मग कोणी वेगळ्या विदर्भाचा विषय काढला, कोणी तेलंगणाचा. शेवटी एका तरुण सूनबाईंनी मला सरळ विचारले, "काकू, तुम्ही तर महाराष्ट्र राज्य झालेले पाहिले. नवे राज्य झाले तेव्हा आपल्यासारख्या बायकांच्या हाती नेमके काय आले?"

तिळगूळ हातात होता, म्हणून उत्तर गोड देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

उत्तराची सुरुवात माझ्या सासूबाईंपासून करावी लागेल. त्यांचे माहेर शिऊरकडचे, म्हणजे वैजापूर तालुक्यातले. तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई यांची समाधी असलेले ते शिऊर. आज आपण नांदगावहून निघून, घाट ओलांडून सहज तिकडे जातो आणि दर्शन घेऊन संध्याकाळी परत येतो. परंतु सासूबाई लग्न होऊन नांदगावात आल्या तेव्हा त्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आल्या होत्या. नांदगाव मुंबई इलाख्यातले, म्हणजे इंग्रजांचे, आणि वैजापूर, कन्नड, औरंगाबाद हा मुलूख निजामाचा. सातमाळ्याच्या डोंगराच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे. भाषा तीच, ओव्या त्याच, लग्नातली गाणी तीच, पाटावरवंटाही तोच. मात्र वाटेत करोडगिरीचा नाका.

आजच्या मुलींना 'करोडगिरी' हा शब्द ठाऊक नसेल. निजामाच्या राज्यातील जकातीच्या खात्याला लोक करोडगिरी म्हणत. हद्दीवरून माल नेला आणला की तपासणी आणि जकात. पैसाही वेगळा. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि आपल्याकडे कलदार रुपया. सात हाली रुपयांचे सहा कलदार, असा साधारण भाव असे. सासूबाई सांगत, "माहेरहून भाऊ ओवाळणी घाली, ती इकडं आली की सातवा हिस्सा हवेत उडून जाई." हे त्या हसत हसत सांगत, पण माहेरच्या मायेलाही वटाव लागावा याचे दुःख त्यात होतेच.

आपले नांदगाव त्या काळी या दोन मुलखांचा दरवाजाच होते. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे आगगाडीचा रस्ता झाला आणि नांदगाव हे त्यावरचे स्टेशन झाले. वेरूळची लेणी पाहावयास येणारे प्रवासी पुढे अनेक वर्षे येथेच उतरत आणि टांग्याने औरंगाबादकडे जात. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाची गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि ती रहदारी मनमाडकडे वळली. मनमाडही आपल्याच तालुक्यातले. म्हणजे साहेबलोक लेणी पाहावयास जात तेही आमच्या दारावरून, आणि सासूबाई माहेरी जात त्याही त्याच वाटेने. फरक इतकाच, की साहेबाची पेटी उघडली जात नसे आणि सासूबाईंचे गाठोडे सोडले जाई, असे त्या म्हणत.

परंतु नाका ही लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट निराळीच होती. सासूबाईंच्या वडिलांची विहिरीजवळची थोडी जमीन वादात पडली. वरच्या कचेरीतून एक कागद आला. निजामाच्या राज्यात वरच्या कारभाराची भाषा उर्दू होती. गावात उर्दू वाचणारे असे कोणी नव्हते. जे एक गृहस्थ वाचत, ते परगावी गेले होते. कागद देवळीत ठेवला गेला. ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांनी वाचून सांगितले की, हजर होण्याची तारीख आठ दिवसांपूर्वीच होऊन गेली. जमीन गेली. सासूबाईंच्या आई त्या देवळीकडे पाहून पुढे कितीतरी वर्षे म्हणत, "आपलंच नशीब त्या कागदात व्हतं, अन् आपल्यालाच वाचता येईना."

उर्दू ही मोठी गोड भाषा आहे आणि ती बोलणारे आपले शेजारीपाजारीही आहेत. दोष भाषेचा नव्हता. दोष होता तो अशा कारभाराचा, की ज्याला आपण कोणाशी बोलतो आहोत याची पर्वा नव्हती. नवी राज्ये कशासाठी मागितली गेली, याचे मूळ माझ्या मते अशा देवळीतल्या कागदांत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याच्या वेळी सरहद्दीवर ठिकठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे होती आणि आपले मनमाड त्यांपैकी एक. बदनापूरकडील दगडाबाई शेळके यांच्यासारख्या खेड्यातल्या स्त्रियांनी त्या लढ्यात केलेले धाडस मराठवाड्यात आजही सांगितले जाते. निजामाची राजवट गेली, परंतु हैदराबाद हे राज्य राहिलेच. त्यात तेलुगू, मराठी आणि कानडी असे तीन मुलूख एकत्र बांधलेले होते. सासूबाईंचे माहेर आता हिंदुस्थानात आले, पण आपल्या राज्यात आले नाही.

मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे, ही मागणी त्याआधीच पुढे आली होती. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, तसा ठराव झाला आणि पुढे शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद कार्याला लागली. मराठी मुलूख त्या वेळी तीन ठिकाणी विभागलेला होता. आपण मुंबई राज्यात, मराठवाडा हैदराबादेत आणि नागपूर-वऱ्हाड मध्यप्रांतात. दिल्लीतील पुढाऱ्यांना भाषेवर राज्ये करण्याची धास्ती वाटत होती. नुकतीच फाळणी झाली होती, तेव्हा ती धास्ती अगदीच अनाठायी होती असेही म्हणवत नाही. १९४८ साली नेमलेल्या दार कमिशनने आणि त्यानंतर नेहरू, पटेल व पट्टाभी यांच्या समितीने भाषिक राज्ये तूर्त नकोत, असाच सूर लावला.

परंतु १९५२ च्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलू यांनी आंध्रासाठी उपोषण करून प्राण सोडला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. त्याच वर्षाच्या शेवटी फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणीक्कर यांचे राज्य पुनर्रचना मंडळ नेमले गेले. १९५५ साली त्याने अहवाल दिला, तो मराठी माणसांच्या जिव्हारी लागला. विदर्भाचे वेगळे राज्य करावे आणि मराठवाडा जोडून गुजरातीसह मुंबईचे द्वैभाषिक राज्य ठेवावे, अशी ती शिफारस होती.

पुढचा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी निरनिराळ्या विचारांची माणसे एका व्यासपीठावर आली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी गावोगाव घुमली. या लढ्यात स्त्रियाही मागे नव्हत्या. मुंबईत अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या आघाडीवर होत्या आणि मोर्चांत चाळीचाळींतून निघालेल्या असंख्य अनाम भगिनी होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. त्यात मराठवाडा व विदर्भ आले, तसेच सौराष्ट्र व कच्छही आले. लोकांना ते मान्य झाले नाही. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळविले. आपल्या नाशिकमधून लोकसभेवर दादासाहेब गायकवाड निवडून आले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते पुढारी आणि भूमिहीनांसाठी झगडणारे. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मी त्या वेळी दहा वर्षांची होते, चाळीसगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरी. शाळेला सुट्टी असूनही गुरुजींनी आम्हां मुलांना बोलावून पेढे वाटले. आम्हां मुलांना राज्याचे काय कळणार? आमच्या घरात अहिराणी बोलली जाई. मी आजीला ओरडून सांगितले, आपले राज्य आले. तिने चुलीत फुंकर घालता घालता विचारले, "पाणी आणणारी कोण, आता तरी बदलेल का?" तिचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. आज तो मला फाजल अली मंडळाच्या सगळ्या अहवालापेक्षा भारी वाटतो.

मात्र १९५६ सालीच एक गोष्ट घडली होती, ती सासूबाईंच्या तोंडून पुढे मी अनेकदा ऐकली. नांदगाव आणि वैजापूर त्या वर्षी प्रथमच एका राज्यात आले. त्यांचे भाऊ भाऊबीजेला आले तेव्हा म्हणाले, "अक्का, आता तू परमुलखात नाहीस." १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि कारभारात मराठीचा पाया पक्का झाला. मामांच्या घरी जमिनीचा पहिला मराठी कागद आला, तेव्हा तो देव्हाऱ्यापाशी ठेवून मग वाचला, असे ते सांगत. तेव्हा त्या सूनबाईंना माझे पहिले उत्तर असे, की नवे राज्य झाले तेव्हा आपल्या हाती आपल्या भाषेतला कागद आला. ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांची जमीन परभाषेतल्या कागदाने गेली, त्यांना विचारा.

परंतु भगिनींनो, येथेच थांबले तर मी तुम्हांला अर्धेच सत्य सांगितले असे होईल. कागद मराठीत आला, पण सासूबाईंना वाचता कोठे येत होते? त्या तो कागद हातात घेऊन उलटासुलटा करीत आणि मला म्हणत, "पोरी, काय लिव्हलंय बघ." उर्दू काय आणि मराठी काय, निरक्षर बाईला दोन्ही सारखेच. राज्याची हद्द बदलली, तरी अक्षराची हद्द ओलांडावयाची राहिलीच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे हे एक मोठे राज्य असावे की लहान लहान, याविषयी त्या वेळीही शहाण्यांचे एकमत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांविषयी एक पुस्तक लिहिले. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होते, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे हे मान्य नव्हते. मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीखाली लहान समाज दबून जातील, आणि मागासलेला मराठवाडा पुढारलेल्या भागाच्या मागे फरपटत जाईल, अशी त्यांना काळजी होती. म्हणून त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. गंमत अशी की, त्यांच्या आराखड्यात आपला नाशिक जिल्हा पश्चिम महाराष्ट्रात नव्हता. तो खानदेश, नगर आणि मराठवाड्याबरोबर मध्य महाराष्ट्रात होता. म्हणजे नांदगाव आणि वैजापूर त्यांनीही एकत्रच ठेवले होते, फक्त घर निराळे सुचविले होते.

विदर्भातही वेगळ्या राज्याची ओढ जुनी होती. लोकनायक बापूजी अणे यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे आणि १९६२ साली ते याच प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. विदर्भाने महाराष्ट्रात यावे म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा, शिक्षणाचा व नोकऱ्यांचा वाटा मिळावा आणि वर्षातून एकदा विधिमंडळाची बैठक नागपुरास व्हावी, असे वचन त्यात होते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन ही त्याचीच खूण. घटनेच्या ३७१ व्या कलमातही विकास मंडळांची तरतूद झाली.

वचन दिले गेले, पण ते पाळले गेले का? १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने राज्यातील विकासाचा अनुशेष मोजला तो ३१०० कोटी रुपयांच्या वर भरला आणि विदर्भ व मराठवाड्याचा त्यात मोठा भाग होता. त्यानंतर १९९४ साली तीन विकास मंडळे आली: विदर्भाचे, मराठवाड्याचे आणि 'उर्वरित महाराष्ट्राचे'. आपण नांदगावकर त्या तिसऱ्यात, म्हणजे 'उर्वरितां'त. पंक्तीत सगळे वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी राहते ते उर्वरित! कागदावर पुण्याचे वैभव आणि आमचा कोरडा तालुका एकाच खान्यात लिहिले गेले. या मंडळांची मुदतही २०२० च्या एप्रिलअखेर संपली.

आपल्या शेजारी काय झाले तेही पाहू. तेलंगण व वैजापूर एकेकाळी एकाच निजामाखाली. १९५६ साली तेलंगणही आंध्राला जोडले गेले, तेही काही वचने घेऊनच. ती वचने मोडली असे तेथील लोकांना वाटले, १९६९ साली मोठे आंदोलन झाले आणि अखेर २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. म्हणजे एक भाषा असूनही दोन घरे झाली. २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाली, ती तर भाषेवर झालीच नाहीत. डोंगरातल्या आणि रानातल्या लोकांना दूरच्या राजधानीत कोणी वाली नाही, ही तेथली तक्रार होती. उत्तराखंडाच्या लढ्यात डोंगरातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे होत्या. पाणी आणि सरपण डोक्यावरून आणणाऱ्या त्या बायका पाहिल्या की मला माझी आजी आठवते.

मग आपणही लहान राज्य मागावे काय? येथे मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी नवी सून होते. नांदगावच्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका, चांगल्या घरच्यासुद्धा, खडी फोडावयास जात. डोक्यावर पदर आणि हातात हातोडा. त्यातूनच रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. वि. स. पागे यांचे नाव त्या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. त्या योजनेसाठी पैसा कोठून आला? शहरातल्या नोकरदारांवर व व्यवसायांवर कर बसला आणि तो खेड्यातल्या मजुरीसाठी वापरला गेला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्याच्या पगारातून कापलेला पैसा नांदगावच्या खडी फोडणारीच्या पदरात पडला. मुंबई आपल्या राज्यात नसती, तर हे झाले असते का? मुंबईसाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या त्यागाचा हा एक अर्थ मला त्या खडीच्या ढिगाऱ्यांवर समजला. लहान घरात आपला आवाज ऐकू जातो हे खरे, पण मोठ्या घरात कमावता भाऊ असतो हेही खरे.

आणि मोठे असो की लहान, अन्याय घरातल्या घरातही होतो. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात पांझण येथे बांधले गेले. जमिनी आपल्या तालुक्यातल्याही गेल्या. शेतीचे पाणी मात्र बहुतांशी खाली जळगाव जिल्ह्याकडे वाहते. माझे माहेर तिकडचे, तेव्हा मी तक्रार कोणाकडे करावी? माझ्या भावाचा ऊस भिजतो त्याचा मला आनंदच आहे. परंतु धरण उशाशी आणि कोरड घशाशी, अशी आपल्या तालुक्यातल्या खेड्यांची अनेक वर्षे स्थिती होती. धरणावरून छप्पन्न खेड्यांची नळयोजना झाली, तरी उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते हे तुम्हांला मी सांगावयास नको. हे राज्य आपले, जिल्हा आपला, धरणही आपल्या तालुक्यात. तरीही हंडा आपल्याच डोक्यावर.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सुरगाणा आहे. १९६० साली शेजारचा डांग गुजरातेत गेला, तेव्हा मराठी माणसांना मोठे दुःख झाले होते. आणि २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांतील लोकांनी उलट मागणी केली की, रस्ते, दवाखाने, पाणी देत नसाल तर आम्हांला गुजरातेत जाऊ द्या. ज्या महाराष्ट्रासाठी माणसे मेली, त्याच महाराष्ट्रातून बाहेर जाऊ असे कोणी का म्हणावे? त्यांचा अभिमान कमी पडला असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. कारभाराची वाट त्यांच्या दारापर्यंत पोहोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वाट दारापर्यंत आणणारी गोष्ट माझ्या मते आणखी एक आहे. १९६१ साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता मुंबईहून थोडी खाली उतरली. परंतु त्या खुर्च्यांवर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. १९९३ साली घटनेची दुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या.

आमच्या धाकट्या जाऊबाई खेड्यावर असतात. त्या पहिल्याच फेरीत ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. पहिले वर्षभर कागद घरी येई, भाऊजी वाचीत आणि जाऊबाई अंगठा उठवीत. सभेला त्या गेल्याच नाहीत. मी रागावले तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, तिथं समदे बाप्ये. मी काय बोलू?" मग दर गुरुवारी त्या बाजाराला नांदगावात आल्या की आमच्या ओसरीवर पाटी घेऊन बसू लागल्या. सासूबाई तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्याही शेजारी बसत. सात-आठ महिन्यांनी जाऊबाईंनी सभेचा अजेंडा स्वतः वाचला. त्यात हातपंपाचा विषय शेवटी टाकला होता, तो वेळेअभावी प्रत्येक सभेत राहून जाई. जाऊबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज हा विषय पयला घ्या." इतकेच. दुसरे भाषण नाही. विषय पहिला घेतला गेला आणि त्या उन्हाळ्यापूर्वी हातपंप दुरुस्त झाला.

त्या दिवशी सासूबाईंनी मला आपल्या आईच्या देवळीची गोष्ट पुन्हा सांगितली. शेवटी म्हणाल्या, "माझ्या आईला कागद वाचता आला असता, तर विहीर राहिली असती." मग थोडे थांबून म्हणाल्या, "चल, हातपंप तरी राहिला."

तेव्हा, त्या सूनबाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. नवे राज्य ही वाट आहे, मुक्काम नव्हे. १९५६ व १९६० साली आपल्याला आपल्या भाषेची वाट मिळाली, आणि ती मिळवून देणाऱ्यांचे ऋण फिटणारे नाही. पुढेही कोठे नवे राज्य, नवा जिल्हा व्हावयाचा असेल तर जरूर व्हावा. नाशिकचे शंभर किलोमीटर म्हणजे मजुरी बुडवून गेलेला सबंध दिवस, हे मी जाणते. मालेगाव जवळ आहे. पण कचेरी जवळ आली म्हणजे न्याय जवळ आलाच असे नाही. मागणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्यात. या नव्या घरात आमच्या कोरड्या गावाचा वाटा कोणत्या हिशेबाने ठरणार? त्या वाट्याचे वचन मोडले तर दाद कोठे मागावयाची? आणि तेथे बसणाऱ्यांत आमच्या खेड्यातल्या बायका किती, व त्यांचा विषय यादीत कितवा? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर हद्द कोठेही आखा, आमची हरकत नाही. ती मिळाली नाहीत, तर नकाशाचा रंग तेवढा बदलेल.

करोडगिरीचा नाका आज दिसत नाही. परंतु बाईच्या वाटेवर अजून नाके आहेत, आणि ते उठविण्याचे काम कोणतेही राज्य आपल्यासाठी परस्पर करून देणार नाही. आपल्या मंडळाने गेल्या इतक्या वर्षांत भिशी, भजन, हळदीकुंकू, शिवणवर्ग हे सगळे प्रेमाने चालविले. येत्या वर्षी त्यात एक भर घालावी, अशी माझी नम्र सूचना आहे. ग्रामसभेची किंवा नगरपरिषदेच्या सभेची नोटीस निघाली की ती मंडळात मोठ्याने वाचावी आणि आपला विषय कितवा आहे ते पाहावे. वाचणारी म्हणून माझे नाव पहिले लिहून घ्या. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण अक्षर अजून दिसते.

मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.